‘हितसंबंधित म्हणजे मी का?’

बाबा गेल्यानंतर शेताच्या कागदांसंबंधी आईला एक सरकारी नोटीस आली. मी ११ वर्षांपासून स्वीडनमध्ये राहतो, त्यामुळे तिने ती मला फोनवरच वाचून दाखवली. “हितसंबंधितांनी विहित मुदतीत आपले लेखी म्हणणे सादर करावे, अन्यथा काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.” वाचून झालं आणि तिने विचारलं, “अरे, हितसंबंधित म्हणजे मी का?” माझ्या आईने आयुष्यभर मराठी शिकवली आहे. विहित मुदत म्हणजे किती दिवस, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

त्याच महिन्यात मला इथल्या सामाजिक विमा कार्यालयाचं पत्र आलं. माझी स्वीडिश अजूनही अडखळते. पण पहिल्याच वाक्यात लिहिलं होतं की अर्ज नामंजूर केला आहे. त्याखाली कारण. मग निर्णय पटला नाही तर काय करायचं ते, आणि त्यासाठी पत्र मिळाल्यापासून दोन महिने आहेत ही माहिती. शेवटी ज्या बाईंनी निर्णय घेतला त्यांचं नाव. निर्णय माझ्या विरोधात होता, तरी पुढे काय करायचं हे मला त्याच संध्याकाळी कळलेलं होतं.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा इथे आम्ही सगळे मनापासून आनंदलो. पुढे ३ फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयाने सरकारी कार्यालयांत मराठी सक्तीची केली. तेव्हापासून मायदेशातली चर्चा मी रोज वाचतो. ती बहुतेक मराठी की इंग्रजी, मराठी की हिंदी याभोवतीच फिरते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, आणि कोणती भाषा वापरायची एवढंच तो पाहतो. स्वीडनचा भाषा कायदा १ जुलै २००९ पासून लागू आहे. स्वीडिश ही देशाची मुख्य भाषा, असं त्यात आहेच. पण त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात एका वाक्यात म्हटलंय की सरकारी कामकाजाची भाषा नीटनेटकी, सोपी आणि समजेल अशी असावी. भाषेचा मान आणि वाचणाऱ्याचा हक्क एकाच कायद्यात नांदतात. यात दंडाची तरतूद नाही. संसदेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. आणि कलम आलं म्हणून सगळी पत्रं सुधारली असंही झालेलं नाही. पण १९७० च्या दशकापासून इथे कायद्यांचे मसुदे भाषातज्ज्ञ तपासतात, विद्यापीठात त्याचं वेगळं शिक्षण मिळतं. म्हणजे हे काम कोणाचं तरी आहे.

आपल्याकडे सोप्या भाषेचा विषय निघाला की खापर संस्कृत शब्दांवर फुटतं. मला ते निदान चुकीचं वाटतं. दिनांक, महापौर हे शब्द एकेकाळी नवे होते, आज ते सगळ्यांचे आहेत. सातबारा, फेरफार, पोटखराबा हे शब्द शाळेची पायरी न चढलेल्या शेतकऱ्यालाही पाठ असतात. अवघड शब्द माणूस शिकतो. ‘कार्यवाही करण्यात येईल’ यातला करणारा मात्र कुठल्याच शब्दकोशात सापडत नाही. कोण करणार, कधी करणार, आणि त्याने माझं काय होणार? आपली सरकारी मराठी ‘मी’ म्हणत नाही, ‘तुम्ही’ही क्वचितच म्हणते. अर्जदाराने, संबंधितांनी, खातेदारांनी. समोरचं माणूस तिच्या वाक्यात नसतंच. म्हणूनच माझ्या आईला विचारावं लागलं की ती मी का.

वकील मित्र म्हणतात, सोपं लिहिलं की अचूकता जाते, मग कोर्टात अडकायला होतं. ही भीती खोटी नाही. पण मुदतीचे दिवस न सांगणाऱ्या नोटिशीत कोणती अचूकता आहे? कलमं खाली राहू द्यात. वर साध्या मराठीत चार ओळी हव्यात. आईला मी ती नोटीस अशी लिहून पाठवली: “तुमच्या पतीच्या नावावरच्या जमिनीबाबत आम्ही निर्णय घेणार आहोत. तुम्ही वारस आहात. तुमचं काही म्हणणं असेल तर या तारखेपर्यंत लिहून द्या. दिलं नाही तर तुमची हरकत नाही असं आम्ही धरू.” तारखेची जागा मला कोरी सोडावी लागली. ती भरायला आईला दोनदा कार्यालयात जावं लागलं.

१९६४ च्या कायद्यात एक कलम वाढवा, एवढंच माझं मागणं आहे. सुरुवात मुदत असलेल्या नोटिशींपासून करा, कारण न समजलेल्या नोटिशीने माणसाचा हक्क जातो. प्रत्येक नोटिशीवर तीन गोष्टी सक्तीच्या हव्यात: शेवटची तारीख, न केल्यास काय होईल, आणि ज्याला फोन करता येईल अशा कर्मचाऱ्याचं नाव. आणि नमुना छापण्याआधी तो कार्यालयाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या पाच जणांना वाचायला द्या. त्यांनी काय समजलं ते सांगावं, मगच तो छापायला जावा.