नाइस क्लिक, साहेब

आमच्या तालुक्याच्या फोटोवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात फर्मान निघालं, यापुढं कोणाच्या फोटोत खोट काढायची नाही. आवडला तर अंगठा द्या, नाही आवडला तर पुढं जा, आणि अगदीच पोटात दुखत असेल तर पर्सनलवर सांगा. ॲडमिनभाऊंनी हात जोडलेल्या इमोजीसकट हे टाकलं आणि खाली ‘योग्य निर्णय भाऊ’ची रांग लागली. मी इकडे इंग्लंडात, लीड्समध्ये, सकाळी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवता ठेवता ते वाचलं आणि डोकं जे सरकलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही.

झालं होतं काय, तर पोळ्याचा फोटो. बैलजोडी तोरणाखाली उभी, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग, शिंगांना बेगड, आणि मागं नारिंगी-जांभळं आभाळ, असं की वाळवंटातल्या कॅलेंडरवर शोभावं. टाकणारे भाऊ म्हणजे तालुक्यातलं मोठं नाव, स्वतःचा स्टुडिओ, आमच्या ताईच्या लग्नाचे फोटो त्यांचेच, आणि हात चांगलाच आहे माणसाचा, त्याबद्दल वाद नाही. तर त्या फोटोखाली बीएस्सीला असलेल्या एका पोरानं लिहिलं, “भाऊ, आपल्या गावची बैलं तं मारोतीच्या देवळाकडं तोंड करून उभी राह्यते आणि सूर्य देवळामागं बुडते. मंग हा बैलाच्या मागून कसा काय बुडून राहिला? आणि त्या दिवशी तं दिवसभर झड होती.”

बस, एवढंच. त्यात ना शिवी, ना टोमणा. पण त्यावर जे सुरू झालं, अरे बाप रे. “मोठ्यांचा मान ठेवत जा बापू.” “पहिले कॅमेरा तं घे, मंग बोल.” (पोरगं मोबाईलवर काढते.) “तू जन्मला नव्हता तवापासून भाऊ फोटो काढून राहिले.” कोणी एकानंही, एकानंही, सूर्याचं उत्तर दिलं नाही. सूर्य त्या दिवशी कुठं बुडला हा तसा सोपा प्रश्न होता, गावातल्या कोणत्याही शेंबड्या पोरानं सांगितलं असतं. फोटोशॉपमध्ये 2020 पासून एका क्लिकवर आभाळ बदलता येते, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे, निम्मे तर लग्नाच्या अल्बमात रोज तेच करतात. आभाळ बदलायला माझी ना नाही. नवरा-नवरीच्या मागं हिमालय लावा, त्यांनी पैसे दिलेत. पण खाली ‘आपल्या मातीतला पोळा, नो एडिट’ लिहिलं असेल तर विचारायचं की नाही?

आता इकडचं सांगतो, म्हणजे लगेच कोणीतरी म्हणणार ‘आला फॉरेनवाला शिकवायला’. म्हणा. आमचा फोटोग्राफी क्लब मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये भरतो. बहुतेक मेंबर पेन्शनर. बाहेरून परीक्षक येतो, फोटोवर नाव नसते, एकेक प्रिंट स्टँडवर लागते आणि तो सगळ्यांसमोर बोलतो, या कोपऱ्यातला पांढरा डाग डोळ्यात जातो, इथं क्षितिज वाकडं आहे, हे ओव्हर-शार्पन झालंय, आणि मग 20 पैकी मार्क. ज्याचा फोटो आहे तो तिथंच तिसऱ्या रांगेत गुमान बसून असतो. 14 मार्क पडले तरी मधल्या सुट्टीत चहा-बिस्कीट घेतो, रॅफलचं, म्हणजे सोडतीचं, तिकीट घेतो आणि पुढच्या मंगळवारी परत येतो. ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा आहे एक, त्याच्या खंड्याच्या फोटोला परीक्षकानं ‘पक्षी जरा जास्तच मधोमध आहे’ म्हटलं तर वहीत लिहून घेतलं त्यानं. वहीत! आमचे भाऊ बावन्नचे नसतील अजून आणि पोराच्या एका प्रश्नानं त्यांचा बीपी वाढला.

आणि मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर ग्रुपवरच्या त्या वाक्याचा, ‘चारचौघात उणं काढणं आपल्या संस्कृतीत बसत नाही’. कोणाच्या संस्कृतीत, भाऊ? ज्या तोरणाखाली तुम्ही तो फोटो काढला त्याच तोरणाखाली झडत्या, म्हणजे टोमण्यांची पदं, म्हणतात ना? पाटलाला, सावकाराला, सरपंचाला, सरकारला, ज्याला सोलायचं त्याला गावासमोर सोलायचं, आणि शेवटी ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव’ म्हटलं की ज्याला सोललं तोही हसत घरी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीत बडगे निघतात, ते तर भल्याभल्यांचे पुतळेच असतात. गाडगेबाबा आपल्याच शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. लोकांचं गाव आधी झाडून काढायचे आणि मग रात्री कीर्तनात त्याच लोकांना उभं करून प्रश्न विचारायचे, कर्ज काढून सण करता का, बकरं कापता का. लोक उठून गेले नाहीत, आणखी गोळा झाले. तेव्हा उणं काढणं हे काही मी सुटकेसमध्ये घालून विलायतेतून आणलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला पाहिजे, नाही तर मीच अर्धवट बोलतोय असं होईल. इकडच्या म्हाताऱ्याला 14 पडले काय नि 19 पडले काय, त्याची पेन्शन महिन्याला येते. भाऊंच्या स्टुडिओचं भाडं, दोन पोरांचे पगार, अल्बमच्या छपाईचं बिल, सगळं लग्नाच्या ऑर्डरवर, आणि ऑर्डर देणारे काका-मामा त्याच ग्रुपवर बसलेले. तिथं कोणी म्हटलं की भाऊंचं आभाळ खोटं, तर ते फोटोबद्दल राहत नाही, तुळशीच्या लग्नानंतरच्या सीझनबद्दल होते. टीका सोसायला खिसाही लागतो, हे मला इथं हॉलमध्ये बसून सुचलं नसतं, आमच्या ताईनं फोनवर सुनावलं तेव्हा समजलं. ठीक. पण मग ‘पर्सनलवर सांगा’ हा काय उपाय झाला? पर्सनलवर सांगितलं की शिकला तर एकटा भाऊ शिकणार. ग्रुपवर दीडशे जण नुसते वाचतात, त्यात कितीतरी पोरं-पोरी पहिला मोबाईल हातात घेऊन आलेली, त्यांच्या कानावर काय पडणार? ‘लाजवाब’, ‘कडक’, ‘नाइस क्लिक’. म्हणजे त्यांना वाटणार नारिंगी आभाळ म्हणजेच चांगला फोटो.

आणि ते पोरगं बरोबर तिथंच पोचलं होतं जिथं मोठेमोठे परीक्षक पोचत नाहीत. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची वन्यजीव फोटोंची स्पर्धा आहे, जगातली नाव असलेली. 2009 साली त्यात पहिलं बक्षीस मिळालं स्पेनमधल्या एका लांडग्याला, रात्री फाटकावरून उडी मारताना. परीक्षकांनी उजेड पाहिला, क्षण पाहिला, सगळं पाहिलं. स्पेनमधल्या लोकांनी नुसता लांडगा पाहिला आणि म्हणाले, हा तर माद्रिदजवळच्या प्राणिसंग्रहातला पाळलेला दिसतो. 2010 च्या जानेवारीत बक्षीस काढून घेतलं. 2017 च्या स्पर्धेत परत तेच, ब्राझीलच्या एमास उद्यानात वारुळापाशी आलेला मुंगीखाऊ, सुंदर फोटो, आणि मग कोणीतरी कळवलं की हा त्या उद्यानाच्या केंद्रात भुसा भरून ठेवलेल्या मुंगीखाऊसारखाच आहे. म्युझियमनं तज्ज्ञांना दाखवलं, अंगावरच्या खुणा ताडून पाहिल्या आणि 2018 मध्ये फोटो बाद केला. दोन्ही फोटोग्राफरांनी आरोप नाकारले, ते त्यांचं. मला एवढंच दिसते की उजेड ओळखणारे लंडनमध्ये बसले होते आणि जनावर ओळखणारे जनावराच्या गावात. आमच्या पोरानं हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, नाही पाहिला, मारोतीचं देऊळ कुठं आहे ते पाहिलं.

आता क्लबची आणखी एक गोष्ट, जी मी ग्रुपवर सांगत नाही.

माझा एक फोटो आहे, आमच्या चुलतभावाचा. कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा, उघड्या पायानं, पाठीवर निळा फवारणीचा पंप, तोंडाला दुपट्टा. इथं लावला तेव्हा परीक्षक म्हणाला, चेहरा फार सुंदर आहे, डोळे बोलतात, मात्र ती निळी प्लास्टिकची वस्तू लक्ष विचलित करते, क्लोन करून, म्हणजे कॉम्प्युटरवर पुसून, काढली तर अठराचा एकोणीस होईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 च्या वर माणसं गेली, कित्येक शे दवाखान्यात भरती झाली, तो निळा पंप म्हणजेच तो फोटो आहे, हे त्या भल्या माणसाला कुठून ठाऊक असणार? त्याला दोष नाही. त्यानं जे दिसलं ते प्रामाणिकपणे सांगितलं, पण मला आजवर इकडे जेवढी म्हणून टीका मिळाली ती अशीच, कडा, कोपरे, डाग, काँट्रास्ट. माझ्या फोटोची सफाई वाढली. तो खरा आहे की खोटा, हे मला इथं कोणी सांगू शकत नाही. वरून ‘व्हॉट अ फेस’ म्हणतात. गावाकडचा कोणताही म्हातारा दाखवा, सुरकुत्या मोजतात आणि अठरा देतात.

मग तोच फोटो मी आपल्या ग्रुपवर टाकला. मला वाटलं इथं कोणीतरी बोलेल. याले हातमोजे नाही, कायले उभा केला असा. वारा कोणत्या बाजूचा आहे. धुऱ्यावर काय करून राहिला, ओळीत उभा कर. काहीही. खाली आलं, ‘नाइस क्लिक साहेब’. ‘फॉरेनचा कॅमेराच वेगळा’. ‘सर लाजवाब’. भाऊंनी स्वतः गुलाबाचं फूल टाकलं. आणि त्या पोरानं, ज्यानं सूर्याला पकडलं होतं, त्यानं नुसता अंगठा.

हे फर्मान निघायच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे ही. म्हणजे माझ्यासाठी नियमाची गरजच नव्हती. मी त्या गावात गुरुजीचा लहाना पोरगा होतो. शाळेत असताना गॅदरिंगचे फोटो काढले रीळवाल्या कॅमेऱ्यावर, अर्धे हलले, तर पानठेल्यावर महिनाभर लोक विचारत होते, काबे, भूकंप आला होता काय त्या दिवशी? तेव्हा वाईट वाटलं होतं. आता साहेब झालोय. साहेबाचं कोणी काही काढत नाही, साहेब दोन आठवड्यांसाठी येते, चॉकलेट वाटते आणि जाते. त्या भाऊंवर मी एवढा का चिडलो याचं खरं कारण हे असावं, की त्यांना निदान कोणी विचारलं तरी. त्यांच्या फोटोवर भांडण झालं. इतक्या लोकांना त्यांच्यासाठी राग आला. माझ्यासाठी कोण भांडणार, माझ्याशीच कोणी भांडत नाही.

परवा त्या पोराला पर्सनलवर लिहिलं, माझ्या पंपाच्या फोटोत काय चुकलं सांग. उत्तर आलं, “काही नाही सर, मस्तच हाय. तिकडं सेकंडहँड कॅमेरे सस्ते मिळते काय?”

मिळतात ना, चांगले मिळतात. त्याला म्हटलं, दिवाळीला येतो तेव्हा एक घेऊन येतो, पण फुकट नाही. माझ्या फोटोंत खोट काढायची, ग्रुपवर, सगळ्यांच्या समोर, आणि सर म्हणायचं नाही. तो म्हणे, “ॲडमिनभाऊ दोघायलेबी काढून टाकतीन.” काढू दे. मला ग्रुपमधून काढायची त्यांची हिंमत झाली तर पेढे मीच वाटीन.