न्यूट्रल कोणाचा?

आमच्या गिरगावातल्या घरात वीज वापरायला अक्कल लागत असे. गीझर चालू असेल तर इस्त्री नाही. मिक्सर फिरत असेल तर ओव्हनकडे बघायचंसुद्धा नाही. एखादा पाहुणा मोबाइलचा चार्जर घेऊन स्वयंपाकघरातल्या प्लगकडे निघाला, की आई हातातलं लाटणं खाली न ठेवता म्हणायची, "तो नको, तो मिक्सरचा." माझी बायको या घरात आली तेव्हा तिला कुळाचारातलं काही शिकावं लागलं नाही. पण कोणत्या बटनानंतर कोणतं बटन दाबायचं, हे अंगवळणी पडायला बराच काळ गेला.

या सगळ्याचं मूळ दारावरच्या बोर्डात होतं. सागवानी फळी, तिच्यावर लोखंडी मेन स्विच, खाली चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज आणि गोल काळ्या बटनांची रांग. तिथून लाकडी पट्ट्यांवरून, पत्र्याच्या क्लिपांत अडकवलेल्या, रबराच्या वेष्टणाच्या तारा घरभर गेलेल्या. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली आणि १९६४ साली बंद पडली. तिच्या काळातली तार आमच्या स्वयंपाकघरात मात्र अजून नोकरीत होती. रबर इतकं कडक झालं होतं की बोट लागलं तरी टवका पडे. म्हणून बोट लावायचं नाही, हाही एक नियम.

फ्यूज उडाला की वडील स्टुलावर चढत. फ्यूजची तार म्हणून वेगळी तार बाजारात मिळते, यावर त्यांचा विश्वास नव्हता. जुन्या वायरीतल्या दोन-तीन बारीक तारा ओढून, पिळून ते किटकॅटमध्ये बसवत. पुन्हा उडाला तर पुढच्या वेळी एक तार वाढवत. असं करता करता फ्यूज उडायचाच थांबला आणि वडिलांनी तो विषय संपल्याचं जाहीर केलं. फ्यूजचा जन्म मुळात जळण्यासाठी असतो. त्याने जळायचं आणि भिंतीवरच्या वायरिंगला वाचवायचं. त्याची तार जाड केली, की जळायची पाळी वायरिंगवर येते. ही माहिती आमच्या घरी पोचली ती वडील गेल्यानंतर, एसी लावायला आलेल्या मुलामुळे.

त्याने बोर्डाकडे पाहिलं. मोबाइल काढून फोटो घेतला. मग बोर्ड मागे येईल असा स्वतःचा सेल्फी घेतला. "काका, एसी मी लावून जातो," तो म्हणाला, "पण चालू नाही करणार."

मग वायरमन आला. माणूस कामाचा, पण चेहरा कायम सांत्वनाला आल्याचा. त्याने पहिला प्रश्न विचारला, "अर्थिंग कुठाय?" आम्ही अभिमानाने तीन पिनांचे प्लग दाखवले. त्याने एक उघडला. तिसऱ्या भोकामागे काहीही नव्हतं. ते भोक केवळ शोभेला होतं.

एसी लावायचा तर मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी जेवढी वीज ओढायची परवानगी असते तो आकडा, वाढवून घ्या, असं तो म्हणाला. त्याच्या अर्जाला परवानाधारक कंत्राटदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो आणि अर्ज बिल ज्याच्या नावावर आहे त्याने करायचा असतो. आमचं बिल आजोबांच्या नावावर येतं. आजोबा कधीच गेले, पण त्यांनी एकदाही थकबाकी ठेवलेली नाही. तेव्हा आधी त्यांना कागदोपत्री निरोप देणं आलं. तो भाग मी गाळतो, कारण त्यात विनोदी काही नव्हतं.

सामान आणायला लोहार चाळीत गेलो. मुंबईत विजेचं सामान घ्यायचं तर माणूस लोहार चाळीतच जातो. तिथून क्रॉफर्ड मार्केट हाकेच्या अंतरावर. त्या मार्केटात १८८२ सालीच विजेचे दिवे लागले होते, म्हणजे आधुनिक होण्यासाठी मी योग्य ठिकाणी आलो होतो, जरा उशिरा इतकंच. गल्लीत हातगाडी, डोक्यावर वायरची भेंडोळी घेतलेला हमाल आणि मी, असे तिघे एकाच वेळी एकाच जागेतून जायचा प्रयत्न करत होतो. दुकानदाराने वर न बघता विचारलं, "एमसीबी बी का सी?" फ्यूजच्या जागी बसणाऱ्या खटक्याचे हे दोन प्रकार, हे मला कुठे ठाऊक! मी म्हटलं, "चांगली द्या." त्यावर त्याने मान वर केली. नंतर माझ्याशी न बोलता तो थेट वायरमनशी बोलला, आणि सगळा व्यवहार सुरळीत पार पडला.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी आईने घरावर जुन्या साड्या पांघरल्या. वायरी भिंतीच्या आतून न्यायच्या असं ठरलं होतं. पण आमच्या भिंती चुन्याच्या गिलाव्याच्या. छिन्नीने बोटभर खाच मागितली, भिंतीने हातभर पोपडा दिला. त्यातून निळा, पोपटी, पिवळा आणि पुन्हा निळा असे रंगांचे थर बाहेर आले. आई प्रत्येक थराला "हा माझ्या लग्नातला", "हा मुंजीतला" अशी ओळखू लागली. वायरमनने छिन्नी ठेवून दिली आणि निमूटपणे प्लॅस्टिकची केसिंग पट्टी मारायला घेतली. दिव्यांना दीड एमएमची वायर, प्लगांना अडीच, गीझर आणि एसीला चार. प्रत्येक खोलीला हिरवी अर्थिंगची वायर गेली आणि त्या तिसऱ्या भोकांना प्रथमच आयुष्यात काही अर्थ आला.

एकच तार जुनी राहिली, माळ्यावरच्या दिव्याची. तिथे पोचायचं तर आईची पितळी पिंपं, घंगाळं आणि परातींचा ढीग उतरवावा लागणार होता. आईने परवानगी नाकारली. "माळ्यावर दिवा लावतंय कोण?" हा तिचा मुद्दा बिनतोड होता.

संध्याकाळपर्यंत दारावर पांढरी पेटी बसली. वायरमनने तिची ओळख करून दिली. हे छोटे खटके एमसीबी, भार वाढला किंवा शॉर्ट झाला की पडणार. हा मोठा आरसीसीबी, हा माणसाचा जीव वाचवणार. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, जेवढा करंट घरात आला तेवढाच न्यूट्रलमधून परत गेला का, हे तो बघतो. ३० मिलिअँपिअरचा जरी फरक पडला, तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद. "याला फसवता येत नाही," वायरमन म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

वरच्या मजल्यावरचे आजोबा पाहणी करायला आले. ते निवृत्त हेडक्लार्क. चाळीतल्या प्रत्येक बांधकामाला त्यांची एक भेट ठरलेली. त्यांनी पेटी उघडून, मिटून पाहिली. "आमच्याकडे नको असलं काही," ते म्हणाले. "माझं वायरिंग मी स्वतः उभं राहून करून घेतलंय. सगळं स्वतंत्र. आपण कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता घरात अंधार झाला. मी आरसीसीबीचा खटका वर केला, तो खाली आला. पुन्हा वर केला, पुन्हा खाली. थोड्या वेळाने केला तेव्हा मात्र मुकाट वर राहिला. तिसऱ्या दिवशी सात वाजता तेच. वायरमन आला, गीझर काढून बघितला, फ्रिज काढून बघितला. काही सापडलं नाही. "घरात कुठेतरी लीकेज आहे," एवढंच तो म्हणत राहिला. शिवाय पहाटे तीन-साडेतीनच्या सुमाराला कधीमधी पंखे थांबायचे, आणि सगळं घर घामाघूम होऊन उठून बसायचं. आरसीसीबीचा एक मोठा दोष म्हणजे तो गुन्हेगाराचं नाव सांगत नाही. सगळ्यांनाच सारखी शिक्षा करतो. "त्या लाकडी फळीने कधी असं केलं नाही," आई म्हणाली. या वाक्याला उत्तर नव्हतं.

छडा लागला तो गॅलरीत. शेजारच्या काकू माझ्या बायकोला सांगत होत्या, "अगं, हल्ली मालच भिकार येतो. देवघरातला झिरोचा बल्ब रोज नवा आणतेय. तिन्हीसांजेला बटन दाबलं की भपकन लागतो आणि विझतो. मग आपली समईच लावते झालं."

बायको आत आली आणि तिने वायरमनला फोन केला.

तर झालं होतं असं. काकूंच्या देवघराला फेज त्यांच्या बोर्डातून येत होता. पण न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची वाट, आमच्या घरातून होती. मधली कुडाची भिंत फोडून कोणे एके काळी ती तार घेतलेली. नावाला झिरो असला तरी तो बल्ब १५ वॅटच्या आसपास खातो, म्हणजे ६५ मिलिअँपिअर. आमच्या फेजमधून न आलेला एवढा करंट आमच्या न्यूट्रलमधून परत जाताना दिसला, की पेटी खवळायची. ती घर बंद करायची, न्यूट्रल तुटायचा आणि देवही अंधारात जायचा. काकू कंटाळून बटन बंद करायच्या, मग आमचा खटका टिकायचा.

"तुमच्या आजोबांनीच दिला होता," काकू म्हणाल्या. "सासरे सांगायचे. तारेचे पैसे वाचले होते. एवढी वर्षं कोणाला खुपला नाही." 

यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. वायरमनने त्यांना त्यांच्याच बोर्डातून नवा न्यूट्रल ओढून देतो म्हणून सांगितलं. पण संकष्टीपर्यंत देवघराला हातोडा लावायचा नाही, असं काकूंनी बजावलं. तोवर त्याने अर्ध्या वॅटचा एलईडी बल्ब लावून दिला. तो जेमतेम दोन मिलिअँपिअर घेतो, तेवढं पेटी सोडून देते. काकूंना त्याचा पांढरा उजेड पसंत पडला नाही. देवाला दवाखान्यात बसवल्यागत वाटतं, म्हणाल्या. मग मी लाल एलईडी आणून दिला.

सात वाजताचा अंधार थांबला. पहाटेचा थांबला नाही.

आता वायरमनचा स्वाभिमान जागा झाला. संकष्टी झाल्यावर आईच्या देखरेखीखाली पिंपं, घंगाळी, पराती माळ्यावरून उतरल्या. त्यांच्या मागे, काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला, मुठीएवढा एक सांधा निघाला. त्यातून एक तार काकूंकडे गेली होती. दुसरी वर, छताच्या तुळईला लागून, कुठेतरी नाहीशी झाली होती. "जुनी मेलेली तार असणार," वायरमन म्हणाला. काकूंचा न्यूट्रल त्यांच्या बोर्डाला जोडून झाला, मग त्याने दोन्ही तारा कापल्या आणि टोकांना टेप मारून मोकळा झाला. त्या रात्री पंखे थांबले नाहीत.

सकाळी वायरमन पैसे घ्यायला आला होता. आई पितळ चिंचेने घासायला बसली होती, एवी तेवी खाली आलंच आहे म्हणून. तेवढ्यात वरचे आजोबा बनियनवर, हातात बल्ब घेऊन, जिना उतरून आले.

"अरे, तू आहेस का? बरं झालं," ते वायरमनला म्हणाले. "मोरीतला दिवा बघ जरा. आधी रात्री उठलो की मधूनच जायचा. काल रात्रीपासून लागतच नाही. बल्ब नवा आहे."

वायरमनने हातातले पैसे खिशात ठेवले आणि टेस्टर बाहेर काढला. "आजोबा," तो म्हणाला, "तुमचं सगळं स्वतंत्र आहे ना?"

"संपूर्ण," आजोबा म्हणाले.