अट्टहास की अट्टाहास?

नवरात्रातल्या कीर्तनांचं पत्रक नित्याकडे छपाईला आलं होतं. पाचव्या माळेचा विषय होता ‘रावणाचा अट्टहास’. प्रूफ खिशात घालूनच तो कट्ट्यावर आला आणि चहा सांगायच्या आधी त्याने विचारलं, “मास्तर, इथं काना हवा की नको?”

मास्तरांनी उभी हयात संस्कृत शिकवलं. ते म्हणाले, “काना कशाला? अट्ट म्हणजे उंच, मोठा. त्याला जोडलेला हास. अट्टहास म्हणजे गडगडाटी हसणं. बरोबर आहे की.”

“पण रावण हसला हे बुवांना सांगायचंच नाहीये,” गौरी म्हणाली. “बिभीषण समजावतो, मंदोदरी समजावते, तरी हा सीतेला परत पाठवत नाही. कीर्तन त्याच्यावर आहे.”

“मग हट्ट लिहा. हसण्याच्या शब्दाला का राबवता?”

इथून जुंपली. वकिलाने गौरीची बाजू घेतली. “अट्टाहासाने थाटात लग्न केलं, असं आपण रोज म्हणतो. हे ऐकून कुणाला हसणं आठवतं का?” मास्तरांकडे याला उत्तर नव्हतं, पण हार मानतील तर ते मास्तर कसले! त्यांनी मोर्चा थेट भरतमुनींकडे वळवला.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हसण्याचे सहा प्रकार आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. स्मितात गाल जरासे फुलतात पण दात दिसत नाहीत. हसितात ते किंचित दिसतात. उपहसितात नाकपुड्या फुगतात. अपहसित म्हणजे भलत्या जागी हसणं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खांदे आणि डोकं हलवत. अतिहसितात तर आवाज चढतो आणि माणूस दोन्ही हातांनी कुशी धरतो. मास्तरांनी प्रत्येक प्रकार चेहऱ्यावर करून दाखवला. स्मित आणि हसित यांतला फरक नुसत्या ओठांवर असतो, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं.

“या सहांत अट्टहास कुठाय?” वकिलाने नेमकं धरलं.

“नावाने नाही. पण मेघदूतात आहे,” मास्तर म्हणाले आणि त्यांचा आवाजच बदलला. “यक्ष मेघाला कैलासाची वाट सांगतो. ती शुभ्र शिखरं कशी? ‘राशीभूतः प्रतिदिनमिव त्र्यम्बकस्याट्टहासः’. जणू शंकराचं रोजचं हसणं साठून साठून त्याची रास झालीय.” संस्कृत कवी हसण्याचा रंग पांढरा मानतात, म्हणून बर्फ आणि हसू असं जुळून येतं. एवढा थोर शब्द आपण मराठीत खलनायकाला देऊन टाकला, याची मला मनापासून हळहळ वाटली. आता तो कानावर पडतो तो ‘विकट’ हे विशेषण पुढे लावूनच.

बापू इतका वेळ गप्प होते. त्यांच्या घरात वारी आहे. त्यांनी एवढंच म्हटलं, “याजसाठी केला होता अट्टहास, शेवटचा दिस गोड व्हावा.”

तुकोबांच्या या ओळीत हसणं घालून पाहा, अर्थच लागत नाही. म्हणजे मराठीतला दुसरा अर्थ कुणा वार्ताहराची चूक नव्हे. निदान साडेतीनशे वर्षं तो अभंगात नांदतोय. मी सुचवलं, की हसण्याला अट्टहास आणि आग्रहाला अट्टाहास अशी वाटणी करू, आज बरेचजण तसंच लिहितात. पण बापूंनी तीही चालू दिली नाही. गाथेच्या छापील प्रतीत काना नसलेलाच अट्टहास सापडतो, तो काय अशुद्ध म्हणायचा? वाटणी सोयीची आहे आणि आजच्या लिखाणात मी ती पाळतो. पण जुनं वाचताना काना न बघता वाक्य बघावं, हे मला पटलं.

मला खरं बोलायचं आहे ते यापुढचं. ‘हट्ट लिहा’ हा मास्तरांचा सल्ला मुळात चुकीचा आहे. लेकरू हट्ट करतं, त्याला अट्टाहास कुणी म्हणत नाही. अट्टाहासात कष्ट आहेत, पदरमोड आहे, एखाद्या गोष्टीमागे वर्षानुवर्षं लागणं आहे. हल्ली ‘हा अट्टाहास कशासाठी?’ असे मथळे वाचून वाचून तो शब्द फक्त दटावणीचा होऊन बसलाय. तुकोबांकडे त्यात दोषाचा लवलेश नाही. तो जन्मभराचा खटाटोप आहे आणि अभंगातच पुढे त्याचा हिशेब आहे: ‘कवतुक वाटे झालिया वेचाचे’. वेच म्हणजे खर्च. जे खर्ची पडलं त्याचं आता कौतुक वाटतंय.

नित्याने प्रूफवर पेनाने काना चढवला. मास्तर अजून नाखूश होते. “अहो, हास या शब्दात हसणं कुठेच उरलं नाही का?”

“उरलंय की, शेवटी आहे,” बापू म्हणाले. “तुका म्हणे मुक्ती परिणिली नोवरी, आता दिवस चारी खेळीमेळी.”

परिणिली नोवरी म्हणजे वरलेली नवरी. मास्तरांनी तो चरण पुन्हा म्हणायला लावला.