मच्चे कुठे आहे?

गेल्या मंगळवारी सकाळी, चहाचे पेले टेबलावर येण्याच्या सुमारास, आमच्या कार्यालयातील अधीक्षक मॅडमनी माझे नवे कोरे सेवापुस्तक उघडले, चष्मा नाकावर खाली ओढला आणि साऱ्या विभागाला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या शरीरावरील ओळखीच्या खुणा वाचून दाखवल्या. त्यांतली पहिली खूण मी स्वतः आरशाच्या मदतीखेरीज कधी पाहिलेली नाही आणि दुसरी अस्तित्वातच नाही. विभागात माझ्याखेरीज सात माणसे आहेत. ती सातही जण फायलीत तोंड खुपसून ज्या रीतीने खांदे हलवत होती, ती रीत मी पुढची ३४ वर्षे विसरणार नाही. ३४ हा आकडा हिशेबाने आला आहे : कर्नाटकात सरकारी नोकर साठाव्या वर्षी निवृत्त होतो, मी २६ वर्षांचा आहे, आणि तोपर्यंत हे पुस्तक ज्या ज्या कार्यालयात माझी बदली होईल तिथे माझ्या आधी जाऊन पोचणार आहे.

नोकरी कशी लागली ते सांगत बसत नाही. जाहिरात, परीक्षा, सक्तीचा कन्नड पेपर, तात्पुरती यादी, अंतिम यादी आणि या दोन याद्यांच्या मधला काळ, ज्यात माझ्या दोन मित्रांची लग्ने होऊन त्यांतल्या एकाचे पोर चालायला लागले. हे सगळे पार पडून ऑर्डर हाती आली, तेव्हा तिच्यासोबत सरकारी दवाखान्यातून प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला आणायचा होता. एवढेच काम होते. जुलै महिना होता, बेळगावचा पाऊस म्हणजे थांबण्याची सवय नसलेला पाऊस, आणि येळ्ळूरहून निघालेल्या बसमध्ये तिकिटाला पैसे मोजणारे आम्ही तीन-चार पुरुष अंग चोरून उभे होतो. (११ जून २०२३ पासून बायकांना प्रवास मोफत आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही; पण पगार सुरू न झालेल्या पुरुषाला त्या बसमध्ये जे वाटते ते वाटते.)

दवाखान्यात उंची झाली, वजन झाले, छाती एकदा फुगवून आणि एकदा न फुगवता मोजून झाली. दोन मोजमापांत फारसा फरक न पडल्याने मापणाऱ्याने फीत झटकून पुन्हा लावली, जणू दोष फितीचा होता. त्या दाखल्याच्या छापील नमुन्यात एक फार जुने वाक्य असते : उमेदवाराचे वय त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून इतके आणि दिसण्यावरून सुमारे इतके. माझ्या सांगण्यावरून २६ झाले. दिसण्यावरून किती लिहावे यासाठी डॉक्टरांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, त्या अंतिम यादीची सगळी वर्षे त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसली असावीत, आणि त्यांनी ३२ लिहिले. हा अपमान मी गिळला, कारण पुढे याहून मोठा वाढून ठेवला आहे याची मला कल्पना नव्हती.

शेवटच्या खिडकीत बसलेल्या गृहस्थांनी कागदावरून नजर न उचलता मला विचारले, "मच्ची एल्ली ऐत्री?"

मी सक्तीचा कन्नड पेपर उत्तीर्ण झालेला माणूस आहे. त्यामुळे प्रश्न मला लगेच कळला : मच्छे कुठे आहे? आमच्या भागातला कोणीही शेंबडा पोरगा सांगेल की मच्छे हे गाव खानापूर रस्त्यावर आहे. यांना ते ठाऊक नसावे, बहुधा बळ्ळारीकडून नुकतेच बदलून आले असावेत, अशा समजुतीने मी अत्यंत विनयपूर्वक कन्नडमधून सांगितले की उद्यमबाग ओलांडून, पिरनवाडीच्या पुढे. गृहस्थांनी लेखणी थांबवली. "एष्ट अदाव्री?" त्यांनी विचारले, म्हणजे किती आहेत. मी म्हणालो, माझ्या माहितीप्रमाणे गाव एकच आहे.

"अरे, तीळ की रे शाण्या!" माझ्या मानेवर कुणाचा तरी ऊन श्वास आला. "मच्ची म्हंजे तीळ. तुझ्या अंगावर तीळ कुठं हाय म्हणून इचारायलाय तो. तू त्याला मच्छ्याला कुठं घिऊन निघालास?"

हे कडोलीचे टेम्पोवाले मामा. माझे मामा नव्हेत. आमच्याकडे अनोळखी माणूस वयाने मोठा असला की आधी मामा होतो आणि मग त्याला अधिकार प्राप्त होतो. लायसन नव्याने करून घेण्यासाठी लागणारा वैद्यकीय दाखला न्यायला ते आले होते, आणि दर पाच वर्षांनी ही वारी करून या खिडकीचे सगळे शास्त्र त्यांना पाठ झाले होते. टेम्पोच्या आधीच्या काळात ते बैलांच्या बाजारात दलाली करत होते, हेही त्यांनी लगोलग सांगितले, आणि ते सांगितले नसते तरी मला कळलेच असते. कारण पुढच्या क्षणी त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांत धरून मान उजेडाकडे वळवली.

"तोंडावर काय बी न्हाई," त्यांनी रांगेला कळवले. "बाही वर कर."

मी बाही वर केली. दंडावर लहानपणी टोचलेल्या लशीचा वण होता. मी तो मोठ्या आशेने पुढे केला. मामांनी त्यावर अंगठा फिरवला आणि तुच्छतेने हात सोडला. "हे अख्ख्या गावाला हाय. माझ्या म्हशीला बी टोचल्यात. ही काय वळखीची खूण व्हय?" मग ते मागच्या माणसाकडे वळून म्हणाले की, बैलाचे बरे असते, भोवरा बघावा, शिंगांची ठेवण बघावी, दात बघून दोनदाती आहे की जुळलेला ते सांगावे, व्यवहार पुरा. माणसाची जात ओळखायला कठीण. असे म्हणताना त्यांची नजर माझ्या दातांकडे गेली, आणि मी ओठ घट्ट मिटून घेतले.

त्यांचे तिळाचे ज्ञान अफाट होते. गालावर तीळ असता तर सासुरवाडी तालेवार मिळाली असती. "खरं तळपायाला असंल तर बोंबल," ते म्हणाले. "पायात भिंगरी. बदली बिदरला. काढ बघू बूट." मी बूट काढला, मोजाही काढला, आणि त्या ओल्या फरशीवर एका पायावर, करकोच्यासारखा, सरकारच्या सेवेत रुजू होण्याची वाट पाहत उभा राहिलो. तळवा स्वच्छ निघाला. रांगेतल्या एका आजींनी समाधानाने मान हलवली. बिदर टळले होते.

खिडकीतल्या गृहस्थांना दोन खुणा हव्या होत्या. दोन म्हणजे दोन. एकीवर भागते का, असे मी विचारले, तर त्यांनी रकान्यातले छापील १ आणि २ हे आकडे पेनाच्या टोकाने दाखवले. सरकारने जागा ठेवली आहे म्हटल्यावर ती भरणे माझ्या शरीराचे कर्तव्य होते.

"आईला फोन लाव," मामांनी हुकूम सोडला. "पोराच्या अंगावरचं आईला म्हाईत असतंय."

आई शिवारात होती. रोप लावायचे दिवस, चिखलात बारा-पंधरा बायका ओळीने वाकलेल्या, त्यामुळे तिने फोन मोठ्या आवाजावर टाकून बांधावर ठेवला असणार. इकडे मामांनी माझ्या हातातून फोन घेऊन तोही मोठ्या आवाजावर टाकला. अशा प्रकारे येळ्ळूरचे एक शेत आणि बेळगावची एक रांग यांचा थेट संपर्क प्रस्थापित झाला. मी दबक्या आवाजात विचारले. आई मात्र पावसाच्या वर आवाज काढून ओरडली, "तीळ? हाय की रं! डाव्या कुल्ल्यावर, चांगला तुरीच्या डाळीएवढा! न्हाऊ घालताना मीच बघितलोय की!" (आमच्याकडे बायकाही 'बघितलो' म्हणतात. पुण्याच्या माणसांना त्याचे हसू येते. त्या दिवशी रांगेला दुसऱ्या कशाचे तरी आले.)

खिडकीतले गृहस्थ कन्नड माणूस. पण हा मराठी शब्द त्यांना, का कोण जाणे, अनुवादाशिवाय कळला. त्यांनी तो गंभीरपणे लिहून घेतला.

"येरडु?" दुसरी?

दुसरी कुठून आणायची? मामांनी एक दीर्घ श्वास घेतला, खिशातला काळा बॉलपेन काढला, माझे उजवे मनगट उलटे केले आणि शिरेच्या बाजूला, सराईत हाताने, दाबून एक ठिपका काढला. मग माझा हात तसाच खिडकीतून आत घातला. आतल्या गृहस्थांनी त्याकडे पाहिले. मी शपथेवर सांगतो की त्यांनी पाहिले. आणि लिहिले.

१९५६ पासून आमच्या या मुलखाचे काय करायचे यावर मोठमोठ्या माणसांचे एकमत झालेले नाही, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. माझ्या मनगटाचा निकाल पाव मिनिटात लागला.

हे विनोदाने सांगतो खरा, पण सांगताना दर वेळी कुठेतरी खुपते. आधारसाठी माझ्या दहाही बोटांचे ठसे घेतले आहेत. दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांचे घेतले आहेत. सेवापुस्तकात डाव्या हाताच्या बोटांचे ठसे पुन्हा घेतले, त्याची शाई नखांतून आठवडाभर गेली नाही. आधारचा क्रमांक १२ आकडी, पेन्शनच्या खात्याचा क्रमांक १२ आकडी, शिवाय सरकारी विम्याची पॉलिसी सक्तीची. एवढे सगळे असूनही मी म्हणजे मीच, ही खात्री सरकारला माझ्या बैठकीवरून करून घ्यायची आहे. जन्मदाखल्यावर गावाचे नाव बेळगाव आणि आधारवर बेळगावी. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारनेच नाव बदलले, आणि ही दोन गावे एकच असल्याचा खुलासा मात्र मी अर्ज करून द्यायचा. आणि ज्या पगारासाठी हा सगळा उघडा कारभार केला, तो पगार तिसरा महिना लागला तरी आलेला नाही, कारण कुठलातरी एक क्रमांक अजून तयार व्हायचा आहे. बसचे पैसे आई देते. गल्लीतल्या काकू विचारतात, "पर्मनंट झालास न्हवं?" त्यांना कसे सांगू की १९७७ च्या प्रोबेशनच्या नियमांप्रमाणे निदान दोन वर्षे मी परिविक्षाधीन आहे, आणि तूर्तास माझ्यात पर्मनंट असलेली एकमेव गोष्ट त्यांना दाखवता येण्यासारखी नाही?

तर मंगळवार. दाखल्यावरचा मजकूर सेवापुस्तकात कन्नडमधून उतरवण्याचे काम अधीक्षक मॅडमनी स्वतः केले होते. त्या अतिशय सभ्य, मोजक्या बोलणाऱ्या बाई आहेत, त्यामुळे आईने वापरलेला शब्द त्यांनी टाळला आणि जो शब्द योजला तो कन्नड आणि मराठी दोन्हीकडे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे. "एड नितंबद मेले ओंदु मच्चे," त्यांनी वाचले. आजवर हा शब्द मी जुन्या काव्यातल्या नायिकांच्या वर्णनातच वाचला होता. आमच्या विभागात, फायलींच्या धुळीत, माझ्या संदर्भात तो उच्चारला गेला तेव्हा टायपिंगला बसलेल्या मुलीच्या हातून एक ओळ वाकडी गेली, एवढे मी पाहिले.

"बल मणिकट्टिन मेले ओंदु मच्चे," त्यांनी पुढे वाचले, आणि वर पाहून म्हणाल्या, "तोरस्री." दाखवा.

मी उजवे मनगट पुढे केले. ते जुलैपासून अनेक वेळा धुतले गेले होते. मॅडमनी चष्मा वर केला, खाली केला. मनगट उलटे केले, सुलटे केले. मग डावेही पाहिले. "इल्ला," त्या म्हणाल्या. नाही. मी काहीतरी पुटपुटलो. पावसाचा काही उल्लेख केला असावा. त्यांनी पुस्तक मिटले नाही. पडताळल्याची सही करायची होती आणि खोटी सही त्यांनी उभ्या नोकरीत केलेली नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. मग पहिल्या नोंदीवर बोट ठेवून त्या काही बोलणार, एवढ्यात मीच म्हणालो की, मनगटाचा उद्या नक्की दाखवतो.

आता रोज सकाळी अंघोळीनंतर मी देवघराजवळच्या उजेडात बसून मनगटावर ठिपका काढतो. निळा चालत नाही, काळाच लागतो, आणि घामाने पसरू नये म्हणून फुंकर घालावी लागते. बुधवारी मॅडम रजेवर होत्या, गुरुवारी बैठकीला गेल्या. सही अजून व्हायची आहे. आई चुलीपुढून रोज हा प्रकार बघते. काल भाकरी थापता थापता तिने मला विचारले, "खरा एक हाय की रं चांगला, त्यो का दाखवत न्हाईस?"