क्रुसाच्या खुणेला यलो कार्ड? कुठल्या नियमात, दावा की

आमच्या कोल्हापुरात पेठेतल्या झाडून सगळ्या ग्रुपवर सध्या एकच फॉरवर्ड फिरतोय. वाचला नसेल तर थोडक्यात सांगतो. युरोप आणि साऊथ अमेरिकेचे प्लेअर म्हणे देवधर्म घरी ठेवून ग्राउंडवर उतरतात. चुकून कोणी छातीवर क्रॉस केलाच तर फिफा यलो कार्ड देते, स्कॉटलंडमध्ये तर एका गोलकीपरला त्यासाठी पोलिसांनी उचललं. पोपनाही खेळात धर्म चालत नाही, आणि जे करतात ते जिंकायचा टोटका म्हणून करतात. तेवढ्यासाठी ते पुढं गेले आणि आपण नारळ फोडत बसलो, तेव्हा शाहू स्टेडियमवरसुद्धा पाया पडणं, भंडारा, नारळ सगळं बंद करा. देवधर्म बंद करा म्हणणाऱ्या मेसेजखाली हात जोडलेले इमोजी आहेत, ते एक असो.

मी काय नारळाचा वकील नाही आणि कॅथलिक पण नाही. पण ह्या मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी खरी, दोन साफ खोट्या आणि बाकी नुसता धुरळा आहे, आणि शिकली-सवरली माणसं तो पुढं ढकलायला लागलीत म्हणून लिहायला बसलो.

पहिलं, देव घरी ठेवून येतात म्हणे. कोण? बार्सिलोनाच्या जुन्या कॅम्प नोऊमध्ये ड्रेसिंग रूममधून ग्राउंडकडं जायच्या वाटेवरच छोटं चॅपल होतं, आपल्या तालमीत मारुती असतोय तसं. बिल्बाओच्या स्टेडियमचं नावच सान मामेस, म्हणजे सिंहांपुढं टाकलेल्या एका संताचं, आणि त्यावरनं त्यांच्या टीमला सिंह म्हणतात. रियल माद्रिद कप जिंकलं की ट्रॉफी घेऊन अल्मुदेनाच्या कॅथेड्रलमध्ये मारिया मातेपुढं जातात. ग्लासगोचा सेल्टिक क्लब 1887 ला ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या, मारिस्ट ह्या कॅथलिक संघाच्या ब्रदरनं काढला, कशासाठी तर ईस्ट एंडच्या गरीब आयरिश पोरांच्या जेवणासाठी पैसे उभे राहावेत म्हणून. अर्जेंटिनाच्या सान लोरेन्झोचं नाव फादर लोरेन्झो मास्सांवरनं आलंय, पोरं रस्त्यावर खेळायची, फादरनं त्यांना चर्चची जागा दिली आणि 1908 ला क्लब उभा राहिला. आता ह्यांनी देव घरी ठेवायचा म्हटला तर क्लबची नावं पण घरीच ठेवावी लागतील.

बरं प्लेअरचं बघा. टीव्हीवर मॅच बघताना नीट लक्ष द्या, लाईन ओलांडताना वाकून गवताला हात लावतो आणि मग कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. हा कॅथलिक. आधी उजवा खांदा आणि मग डावा केला तर बहुतेक सर्बिया, ग्रीस, जॉर्जियाकडचा ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या चर्चचा ख्रिस्ती असतोय. स्पेनचे आणि लॅटिन अमेरिकेचे बरेचजण शेवटी अंगठ्याचं चुंबन घेतात. मनात म्हणायचं ते एवढंच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं, आमेन. बारक्या पोराला आई हात धरून शिकवते, जेवायच्या आधी, झोपायच्या आधी, चर्चवरनं जाताना, आणि तेच पोर मोठं होऊन प्लेअर झालं की लाईनपाशी हात आपोआप वर जातोय. आपला पैलवान आखाड्यात उतरताना माती कपाळाला लावतो तो काय कॅमेऱ्यासाठी लावतो का? खासबागेत 1912 पासनं कुस्त्या होतात, तेव्हा कुठला आला कॅमेरा.

आता यलो कार्ड. हा मुद्दा जरा सावकाश घेऊ कारण ह्यात ती अर्धी खरी गोष्ट आहे. फुटबॉलचे नियम आयफॅब नावाची संस्था करते, फिफा तिच्यात एक मेंबर आहे. चौथा नियम अंगावरच्या सामानाचा. त्यात स्पष्ट लिहिलंय की जर्सीवर, सामानावर राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषणा, मजकूर, चित्र चालणार नाही. आतल्या बनियनवर लिहिलेलं दाखवायचं नाही हे 2014 पासनं अजून कडक झालं. ब्राझीलच्या काका नावाच्या प्लेअरनं 2007 ला एसी मिलानकडून चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर मी येशूचा आहे असं लिहिलेला टीशर्ट दाखवला होता तो फोटो सगळ्यांनी बघितला असेल, ते आज नियमात बसणार नाही. (काका कॅथलिक नव्हे, इव्हँजेलिकल म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका पंथाचा, पण आपल्याकडं सगळे एकाच पोत्यात घालतात.) आणि गोलनंतर जर्सी काढली की यलो आहेच, आत येशू असो नायतर बायकोचं नाव असो.

गळ्यातला क्रॉस पण काढावा लागतो, खरंय. पण का? तर दागिना म्हणून. नियमात दागिने बंद, टेप लावून झाकलेले पण बंद, कारण कुणाच्या डोळ्यात जाईल, गळ्याला काचेल. म्हणजे कॅथलिकाचा क्रॉस, आपल्या पोरांचं कडं, गणपतीचं लॉकेट, सगळ्यांना एकच माप. माळकरी पोरगं तुळशीची माळ काढायला तयार होत नाही आणि रेफ्री काढ म्हणतो ही भानगड आपल्याकडं पण होते, त्यात कुणाच्या धर्माशी वैर नसतंय.

हातानं केलेली खूण मात्र ह्यातल्या कुठल्याच कलमात नाही. 2009 ला कॉन्फेडरेशन्स कपच्या फायनलला ब्राझीलनं अमेरिकेविरुद्ध 0-2 वरनं 3-2 मॅच काढली आणि सगळी टीम ग्राउंडवर रिंगण करून प्रार्थनेला बसली, त्यावर डेन्मार्कच्या फुटबॉल संघटनेनं तक्रार केली आणि फिफानं ब्राझीलला समज दिली. बहुतेक ह्याचंच कोणीतरी यलो कार्ड केलं असणार. पण तिथं कार्ड निघालं नाही, आणि त्यानंतर इतक्या वर्षांत दर वीकेंडला शेकडो प्लेअर क्रॉस करून उतरतात, नुसत्या खुणेला बंदी असती तर सात मिनिटांत मॅचला माणसं उरली नसती.

ऑलिम्पिकचं पण हेच. तिथं धार्मिक प्रचाराला बंदीचा पन्नासावा नियम आहे. तरी टोकियोत फिलिपिन्सची वेटलिफ्टर हिडिलिन डियाझनं 55 किलो गटात 127 किलोचा क्लीन अँड जर्क मारला, देशाचं पहिलं सुवर्ण घेतलं, पोडियमवर क्रुसाची खूण केली आणि गळ्यातलं मारिया मातेचं पदक दाखवलं. कुणी मेडल काढून घेतलं का? नाही. तिचं ते आभार मानणं होतं, कुणाला धर्म बदला म्हणणं नव्हतं, एवढा फरक तिथल्या अधिकाऱ्यांना कळतोय.

स्कॉटलंडचा गोलकीपर. हा सगळ्यात मोठा धुरळा. नाव आर्तुर बोरुत्स, पोलंडचा, सेल्टिकचा कीपर. फेब्रुवारी 2006, रेंजर्सच्या आयब्रॉक्स ग्राउंडवर त्यांच्याविरुद्ध मॅच. आता सेल्टिक म्हणजे कॅथलिक आयरिश वळणाचा क्लब आणि रेंजर्स म्हणजे प्रोटेस्टंट, इतका कट्टर की 1989 ला मो जॉन्स्टनला घेईपर्यंत कित्येक दशकं नावाजलेला कॅथलिक प्लेअर त्यांनी घेतला नव्हता, आणि घेतला तर त्यांच्याच काही सपोर्टरनी गळ्यातले स्कार्फ जाळले. अशा स्टँडसमोर बोरुत्सनं क्रॉस केला, प्लस प्रेक्षकांकडं बघून काही हातवारे केले. तक्रारी झाल्या, आणि ऑगस्टमध्ये बातमी फुटली की सरकारी वकिलांच्या कार्यालयानं त्याला खटल्याऐवजी ताकीद दिली. अटक नाही, रेफ्रीचं कार्ड नाही, फिफा तर ह्या गोष्टीत कुठंच नाही. कॅथलिक चर्चनं आवाज उठवल्यावर त्या कार्यालयानं खुलासा केला की ताकीद क्रुसाच्या खुणेला नसून प्रेक्षकांकडं केलेल्या हातवाऱ्यांना आहे. बोरुत्स काय थांबला नाही, लोकांनी त्याला होली गोली नाव पाडलं आणि 2008 ला पोप जॉन पॉल दुसरे ह्यांचा फोटो असलेला टीशर्ट घालून तो पुन्हा बातमीत आला. तो टीशर्ट मात्र मला मुद्दाम डिवचायला घातल्यासारखा वाटतो, स्पष्ट सांगतो.

कोल्हापूरच्या माणसाला हे कळायला खरं तर अवघड जायला नको. शड्डूचंच घ्या. खासबागेत पैलवानानं शड्डू ठोकला की टाळ्या पडतात. तोच शड्डू शाहू स्टेडियमवर गोल मारून समोरच्या पेठेच्या गॅलरीपुढं जाऊन ठोकला की काय होतंय? बाटल्या येतात, पोलीस आत, मॅच थांबली. रेफ्रीनं त्याला यलो दिलं तर शड्डूवर बंदी आली का? बाराव्या नियमात चिथावणी देणाऱ्या, खिजवणाऱ्या सेलिब्रेशनला कार्ड आहे, आणि हात कुठल्या धर्माचा आहे हे तिथं कोण विचारत नाही, कुणाच्या तोंडावर चाललाय ते बघतात. आकाशाकडं केलेला क्रॉस वेगळा आणि रेंजर्सच्या स्टँडकडं बघत केलेला वेगळा, आमच्याकडं जयजयकार पण असाच दोन तऱ्हेचा असतोय, सगळ्यांना ठाऊक आहे.

पोपचा मुद्दा, ह्याला दोन ओळी पुरेत. पोप फ्रान्सिस सान लोरेन्झोचे कार्डधारक मेंबर होते, 2014 ला त्यांचा क्लब कोपा लिबेर्तादोरेस, म्हणजे साऊथ अमेरिकेतल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप जिंकला तेव्हा ट्रॉफी घेऊन लोक व्हॅटिकनला गेले. जॉन पॉल दुसरे पोरवयात गोलकीपर. रोममध्ये फादर लोकांची आणि फादर व्हायला शिकणाऱ्या पोरांची क्लेरिकस कप म्हणून टूर्नामेंट 2007 ला सुरू झाली, तिच्यात निळं कार्ड दाखवलं की पाच मिनिटं बाहेर बसायचं, आणि 2019 पासनं व्हॅटिकनची स्वतःची ॲथलेटिक्स टीम पण आहे. खेळ आणि धर्म लांब ठेवा म्हणणारे असं करतात होय?

टोटक्याचा मुद्दा मात्र मला खरंच महत्त्वाचा वाटतो, कारण फॉरवर्ड लिहिणाऱ्यापेक्षा ह्या बाबतीत चर्चच जास्त कडक आहे. कॅथलिक धर्मशिक्षणाचं जे अधिकृत पुस्तक 1992 ला निघालं त्यात सरळ म्हटलंय की मनात काही नसताना नुसती बाहेरून खूण केली की काम होतंय असं मानणं ही अंधश्रद्धा. त्याच पुस्तकात पुढं शरीराची आणि खेळातल्या यशाची पूजा करू नका असं पण बजावलंय. येशूनं पण डोंगरावरच्या प्रवचनात लोकांना दिसावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करू नका, खोलीत जाऊन दार लावून करा म्हटलंय, आणि भाविक ख्रिस्ती माणसांतच ह्यावरनं वाद असतोय की ऐंशी हजार लोकांपुढं क्रॉस करणं त्यात बसतंय का. तो वाद त्यांचा, त्यांनी घालावा.

आणि टोटका म्हणून बघायचं तर हिशोब लावू की. 2002 च्या वर्ल्डकपला इटलीचे कोच त्रापात्तोनी, त्यांची बहीण नन, तिनं दिलेल्या बाटलीतलं पवित्र पाणी बेंचपाशी शिंपडायचे. साऊथ कोरियानं गोल्डन गोलवर, म्हणजे जादा वेळेत पहिला गोल मारेल तो जिंकला ह्या तेव्हाच्या नियमावर, 2-1 नं घरी पाठवलं. 2018 ला क्रोएशियाचे कोच दालिच खिशात जपमाळ ठेवून प्रत्येक मॅचला उभे, अवघ्या चाळीसेक लाखांचा देश फायनलला गेला, तिथं फ्रान्सनं 4-2 नं हरवलं. जपमाळ त्यांनी त्यानंतर पण सोडली नाही. टोटका असता तर हरल्या दिवशी नाल्यात टाकून दिली असती, आपल्याकडं बाबा बदलतात तसं.

ह्यातच एक आपल्या घरचं प्रकरण. 30 ऑक्टोबर 2025, नवी मुंबई, बायकांच्या क्रिकेट वर्ल्डकपची सेमीफायनल, ऑस्ट्रेलियाचे 338, जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद 127, मॅच आपली. पोरगी रडत रडत येशूचे आभार मानते आणि लगेच काही लोक तिला शिव्या घालायला लागले की धर्म मध्ये का आणला. सचिन शतक मारून वर बघायचा तेव्हा आपल्या अंगावर काटा यायचा, तो वडिलांसाठी बघायचा, बरोबर आहे. मग हिच्याच वेळेला ग्राउंड एकदम निधर्मी कसं झालं? त्यात हे तथाकथित सगळ्यांना सारखा नियम म्हणणारे पण सापडतात, नारळ आला की संस्कृती आणि क्रॉस आला की प्रचार. उलटं करणारे पण आहेत, तेवढेच खोटे.

राहिलं शेवटचं, देव सोडला म्हणून ते पुढं गेले. 1958 ते 2002 पाच वर्ल्डकप घेणारं ब्राझील देव सोडलेलं होतं का? 2002 ची फायनल जिंकून तीच टीम योकोहामाच्या ग्राउंडवर गुडघे टेकून बसली होती. क्रॉस केला म्हणून जिंकले असं पण मी म्हणत नाही, कारण क्रॉस करणारे निम्मे देश क्वालिफाय पण होत नाहीत. त्यांच्याकडं आठ वर्षाच्या पोराला कोच असतोय, गल्लीगल्लीत ग्राउंड असतंय, वर्षभर लीग असते. आपल्याकडं एवढी वेडी पब्लिक, पण सीझन मोजक्या महिन्यांचा, आणि मोठ्या मॅचसाठी सगळ्या तालमींच्या फुटबॉल टीमचा भार एका शाहू स्टेडियमवर. तरी त्यातनं अनिकेत जाधव 2017 ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळला, आणि तो नारळ फोडल्यामुळं गेला नाही की न फोडल्यामुळं गेला नाही, लहान वयात नीट ट्रेनिंग मिळालं म्हणून गेला.

तेव्हा पोरांना पाया पडू द्या, ज्याला क्रॉस करायचाय त्याला करू द्या, दुवा मागायचीय त्याला मागू द्या. नारळ फोडणाऱ्यांनी तेवढा टचलाईनच्या बाहेर फोडा आणि करवंट्या उचला, स्लायडिंग टॅकलला मांडी फाटती.