"रक्तातच असतं" म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल, काका

आपल्या रामबागच्या ग्रुपवर तो मेसेज या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. थोडक्यात असं की मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूरकडच्या आदिवासींची बाळं जन्मतःच कमजोर, अमेरिकेतही काळ्यांची बाळं जास्त दगावतात म्हणजे हे रक्तातच, सरकारने कितीही पैसा ओतला तरी काही बदलत नाही, आणि आपल्या लोकांत बघा, पिढ्यान्‌पिढ्या सगळे धडधाकट. काकांनी खाली "शंभर टक्के सत्य" लिहिलंय म्हणून उत्तर देतेय, राग मानू नका.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते. आपल्यात सगळे धडधाकट? अहो माझ्या पणजीची अकरा बाळंतपणं झाली, जगले पाच. पाचवीला सटवाई कशाला पुजायचे, आणि आधीची मुलं गेली की पुढच्याचं नाव धोंडू नाहीतर दगडू का ठेवायचे, दगडाला कोण उचलून नेणार म्हणूनच ना? रक्त तर तेच आहे अजून, मग आता कोणाच्या घरी दगडू जन्मतो सांगा.

काही बदलत नाही, हेही खोटंय. गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळाला ऊब कशी द्यायची, न्यूमोनिया कसा ओळखायचा, गरज पडली तर इंजेक्शन कसं द्यायचं, घरीच, आणि पहिल्या महिन्यात दगावणारी बाळं १९९३-९५ मध्ये हजारी ६२ होती ती १९९७-९८ ला २५ वर आली. चार-पाच वर्षांत कोणाचं रक्त बदलतं का हो?

आता "जन्मतः कमजोर". राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २००५-०६ चे आकडे नीट वाचले तर गंमत दिसते (गंमत कसली म्हणा). पहिल्या वर्षात आदिवासींची हजारी ६२ बाळं जात होती, दलितांची त्याहून जास्त, ६६, आणि जे ना मागास ना आदिवासी, म्हणजे आपण, त्यांची ४९. पण पहिला वाढदिवस झालेल्या मुलांचं पुढे पाच वर्षांपर्यंत काय झालं बघा: आदिवासींत हजारी ३६ गेली, आपल्यात ११. तिप्पट! दोष जन्मातच असता तर फरक सुरुवातीला सगळ्यात मोठा दिसायला हवा होता ना, इथे तर बाळ रांगायला-चालायला लागल्यावर फाटतोय, म्हणजे जेवण, पाणी, जुलाब, आणि दवाखाना किती लांब आहे ते.

सिकल सेल हा रक्ताचा आजार आनुवंशिक आहे, मान्य, आणि आपल्या भागातल्या आदिवासींत तो आहेही. पण जुलाबाने गेलेलं पोर काही सिकल सेलने गेलेलं नसतं.

अमेरिकेचं म्हणाल तर आकडा खरा आहे, २०२२ मध्ये तिथे काळ्यांची हजारी जवळपास ११ बाळं गेली आणि गोऱ्यांची साडेचार. अर्थ मात्र उलटा काढलाय. तिथल्याच इलिनॉय राज्यातल्या जन्मांचा अभ्यास १९९७ साली छापून आला, त्यात गोऱ्या आयांच्या बाळांचं सरासरी वजन ३४४६ ग्रॅम, अमेरिकेत जन्मलेल्या काळ्या आयांच्या बाळांचं ३०८९, आणि थेट आफ्रिकेत जन्मून तिकडे गेलेल्या काळ्या आयांच्या बाळांचं? ३३३३. रक्ताचाच खेळ असता तर आफ्रिकेतून आलेल्यांची बाळं सगळ्यात लहान हवी होती की नाही, ती तर गोऱ्यांच्या जवळ निघाली. आणि पुढच्या संशोधनात असंही दिसलं की अशाच बाहेरून आलेल्या काळ्या बायकांच्या मुली अमेरिकेत वाढून आया झाल्या तेव्हा त्यांच्या बाळांचं वजन उलट घटलं. आता ह्याला काय म्हणायचं, रक्त एका पिढीत खराब झालं?

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या हाती लागली असती तर मी गप्प बसले असते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात पहिल्या वर्षाचा आदिवासींचा आकडा ६२ वरून ४२ च्या आसपास आला, पण आपलाही ४९ वरून २८ वर आला. म्हणजे दोघेही खाली उतरले आणि मधलं अंतर होतं तेवढंच राहिलं, तेरा-चौदाचं. ते का राहिलं ह्यावर भांडायचं असेल काका, तर मी रविवारी घरीच आहे, पोहे तुमच्याकडून.