पाटे भंगारात टाकू नका: ‘तीस हजारांत कारसारखी पिकअप’ या मेसेजला उत्तर

जुन्या गाड्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘तीस हजारांत तुमची जुनी जीप-पिकअप कारसारखी चालवा’. खाली सहा मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी टिक, आणि शेवटी ‘गरजूंना पाठवा’ अशी कळकळ. दुर्लक्षच केलं असतं. पण डिचोलीच्या आमच्या मेव्हण्याने तो वाचून आपल्या पिकअपचे पुढचे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) भंगारवाल्याला बोलून ठेवले आणि वेल्डरला आगाऊ पैसेही दिले, म्हणून हे लिहितोय.

गाडी कोणती ते आधी सांगतो. विलिस या अमेरिकी जीपच्या वंशातली जुनी महिंद्रा: पुढे-मागे पाटे, पुढे एकसंध ॲक्सल (दोन चाकं जोडणारा आडवा दांडा), ड्रम ब्रेक. गोव्यात अजून अशा बऱ्याच गाड्या चिरे, नारळ, काजूच्या गोणी वाहताहेत.

‘पाटे कालबाह्य झाले. भंगारातल्या एसयूव्हीचं कॉइल स्प्रिंगवालं पुढचं सस्पेन्शन कापून आणा आणि चासीला वेल्ड करा. अमेरिकेत सगळे हेच करतात.’

यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने कबूल करतो. अमेरिकेत 1947 ते 1955 मधल्या शेव्हर्ले पिकअपचा एकसंध आय-बीम ॲक्सल काढून तिथे ‘मस्टँग टू’ धर्तीचं इंडिपेंडंट (प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारं) सस्पेन्शन बसवणारे खूप आहेत. फोर्डच्या 1974 ते 1978 च्या त्या छोट्या कारची मांडणी आटोपशीर होती, म्हणून ती रुळली. पण तिथे हल्ली बहुतेक जण भंगारातून तोडून आणत नाहीत. त्या त्या चासीच्या रुंदीला बेतलेली नवी क्रॉसमेंबर (चासीचा आडवा दांडा), आर्म (चाक धरणारे हात), रॅक अँड पिनियन स्टिअरिंग असा अख्खा संच मिळतो, आणि कुठून किती मोजून वेल्ड करायचं ते सोबत लिहिलेलं असतं. शिवाय त्या गाड्यांना पुढच्या चाकांना ड्राइव्ह नसतो. आणि ‘कालबाह्य’ म्हणाल, तर फोर्डच्या सुपर ड्यूटी 4x4 (चारही चाकांना ड्राइव्ह असलेल्या) पिकअपला 2004 पर्यंत पुढे पाटेच होते.

आता ‘कापा आणि वेल्ड करा’चं बघू. पाटे चासीला चार जागी धरतात, प्रत्येक बाजूला एक हँगर (पक्का कान) आणि एक शॅकल (हलणारी कडी). खड्ड्याचा दणका आणि ब्रेकचा ओढा त्या चार जागांत वाटला जातो. आर्म-कॉइलच्या मांडणीत हा सगळा भार एकाच क्रॉसमेंबरवर, म्हणजे चासीच्या हात-दीड हात पट्ट्यात येतो. आपली चासी उघड्या ‘सी’ चॅनलची, पिळाला नरम. तो पट्टा आतून प्लेट लावून बंद पेटीसारखा केल्याशिवाय तिथे क्रॉसमेंबर वेल्ड केली, तर तडा वेल्डमध्ये पडत नाही, वेल्डच्या कडेला चासीत पडतो. मेसेजमध्ये प्लेटचं नावही नाही.

त्यात ही गोव्याची चासी. पावसाळ्यात लाल चिखल चॅनलच्या पोटात बसतो, किनाऱ्याकडे खारा वारा आहेच. बाहेरून रंग झकास, आतून पत्रा खाल्लेला. छोटी हातोडी घ्या आणि पुढच्या पाट्याच्या मागच्या हँगरच्या आजूबाजूला ठोकत जा. धड लोखंड खणखणतं, खाल्लेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं तर सस्पेन्शनचा विचार बाजूला ठेवा, आधी चासी दुरुस्त करा.

पण माणूस मारणारी चूक आहे ती स्टिअरिंगची. एकसंध ॲक्सलवर टाय रॉड (दोन्ही चाकं एकत्र वळवणारी दांडी) ॲक्सलबरोबरच वर-खाली होतो, म्हणून चाक उचललं तरी टो-इन (पुढची चाकं किंचित आत वळलेली असण्याचं माप) जागच्या जागी राहतं. इंडिपेंडंटमध्ये प्रत्येक चाक आपापल्या कमानीत फिरतं. टाय रॉडचा आतला सांधा आर्मच्या पिव्होटच्या रेषेत नसेल किंवा रॉडची लांबी त्या कमानीशी जुळत नसेल, तर चाक वर जाताना आपोआप वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात. इथे इंचभराचा फरकसुद्धा भारी पडतो, आणि मेसेजवाला सांगतो ‘जुनं स्टिअरिंग बॉक्स आणि जुनीच ड्रॅग लिंक जोडून घ्या’ (ड्रॅग लिंक म्हणजे त्या बॉक्सपासून चाकाकडे जाणारी दांडी). चोर्ला घाट उतरताना डावं चाक खड्ड्यात गेलं की तुम्ही स्टिअरिंग धरून बसलेले असाल आणि गाडी स्वतःच्या मनाने वळेल. हे अलाइनमेंटवाल्याकडे नेऊन सुटत नाही. तो गाडी उभी असताना मोजतो, आणि उभ्या गाडीवर सगळं बरोबर दिसतं.

बाकीचं भराभर. 4x4 असेल तर पुढचा डिफरेन्शियल जाईल कुठे? क्रॉसमेंबर इंजिनच्या सम्पला (खालच्या ऑइलच्या भांड्याला) लागेल. कॉइल दुसऱ्या गाडीच्या वजनाची, म्हणजे नाक एक तर वर नाही तर जमिनीला. दोन चाकांमधलं अंतर वेगळं, त्यामुळे टायर मडगार्डला घासणार. भंगारातल्या डिस्क ब्रेकना जुनी ड्रमची मास्टर सिलिंडर (ब्रेकचं ऑइल दाबणारा पंप) जोडलीत, तर ड्रमसाठी लाइनमध्ये दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह डिस्कचे पॅड चिकटवून ठेवेल आणि डिस्क तापेल. तीस हजारांत यातलं काय काय बसतं ते मेसेजवाल्यालाच विचारा.

‘पुढच्या प्रत्येक कमानीतले दोन पाटे काढून टाका, गाडी मऊ होते.’

होते की! काही महिने. समजा एका कमानीत सारख्या जाडीचे आठ पाटे, म्हणजे पट्ट्या, आहेत. दोन काढले की कडकपणा साधारण पाव हिश्श्याने उतरतो आणि उरलेल्या सहांवरचा ताण एक तृतीयांशाने वाढतो. गाडी बसते, बंप स्टॉपपर्यंतचं (ॲक्सल चासीला आपटू नये म्हणून लावलेल्या ठोकळ्यापर्यंतचं) अंतर संपतं, आणि फेरीबोटीच्या रॅम्पवर पुढची चाकं चढली की थेट लोखंडावर लोखंड. त्यात आपल्याकडच्या कित्येक जुन्या पेट्रोल गाड्यांत नंतर डिझेल इंजिन बसवलेलं आहे. ते पेट्रोलच्या इंजिनापेक्षा जड, म्हणजे पाटे आधीच जास्त ओझं वाहताहेत. त्यांना आणखी हलकं करायचं?

काढायचाच असेल, तर निदान दुसऱ्या पाट्याला हात लावू नका. त्याची टोकं मेन, म्हणजे सगळ्यात लांब, पाट्याच्या कानाला मिठी मारून असतात. मेन पाटा तुटला तर ॲक्सल जागेवर धरणारा तेवढाच असतो.

‘दोन इंच लांब शॅकल लावा, गाडी उंच होते आणि चालते भारी.’

यावर थोडं थांबतो, कारण गॅरेजवालेही हे बिनधास्त करतात.

शॅकल दोन इंच लांब केलं की गाडी ॲक्सलपाशी एकच इंच उचलली जाते, कारण ॲक्सल पाट्याच्या मधोमध आहे. हा लाभ. आता किंमत. या वंशाच्या जीपला पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला आणि पक्का हँगर मागे असतो. शॅकल लांब झालं की पाट्याचं पुढचं टोक चासीपासून खाली जातं, पाटा तिरका होतो आणि त्याच्याबरोबर ॲक्सल फिरतो. किंगपिनचं (ज्या खिळीवर चाक वळतं तिचं) वरचं टोक पुढे झुकतं, म्हणजे कॅस्टर (त्या खिळीचा मागे कललेला कोन) कमी होतो. किती? पाटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण 36 इंच. 36 इंचांत दोन इंचांचा उतार म्हणजे तीन अंशांहून थोडा जास्त.

आणि विलिस जीपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कॅस्टर दिलाय बरोबर 3 अंश.  वाद संपवायला हे एक पान पुरेसं आहे. दोन इंच लांब शॅकल लावलंत की कॅस्टर शून्याच्या आसपास येतो. स्टिअरिंग वळणानंतर आपलं आपण सरळ येत नाही, गाडी रस्त्यावर भटकते, आणि किंगपिन जरा ढिले असले तर एखाद्या स्पीडला पुढची चाकं अशी थडथडतात की स्टिअरिंग हातात राहत नाही. वेग उतरेपर्यंत ते थांबत नाही.

लांब शॅकल आधीच लागलेलं असेल आणि काढायचं नसेल, तर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये तीन अंशांचे वेज (पाचर) घालून कॅस्टर परत आणता येतो. इथेही निम्मे लोक वेज उलटा घालतात. पाटा ॲक्सलच्या खाली असेल, जसा मूळ जीपला असतो, तर वेजची जाड बाजू पुढे. पाटा ॲक्सलच्या वर बांधलेला असेल तर जाड बाजू मागे. उलटा घातला की शून्याचे उणे तीन होतात. वेज पोलादी घ्या, ॲल्युमिनियमचा दाबाखाली चुरतो. सेंटर बोल्टचं (पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) डोकं वेजच्या भोकातून ॲक्सलच्या पॅडमध्ये बसलंय याची बोटाने खात्री करा. 4x4 असेल तर वेज घातल्यावर पुढचा प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून युनिव्हर्सल जॉइंट कुठे अडत नाही ना, तेही बघा.

‘पाट्यांवर दर महिन्याला जळकं इंजिन ऑइल मारा.’

कल्पना चूक नाही, पद्धत चूक आहे. पाट्यांमधलं घर्षण कमी झालं तर गाडी खरंच मऊ चालते. पण बाहेरून ओतलेलं ऑइल पाट्यांच्या मध्ये जेमतेम शिरतं. ते रबरी बुश (सांध्यातल्या रबराच्या नळ्या) फुगवतं, आणि वर लाल माती बसली की पाटे घासणारी लापशी तयार होते. पाटे सोडवा, तारेच्या ब्रशने गंज काढा, टोकांच्या धारदार कडा ग्राइंडरने गोल करा, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावा आणि पुन्हा बांधा. मात्र पाट्यावर गॅसकटर किंवा वेल्डिंग कधीच नाही. त्याचं पाणी उतरतं आणि नेमका तिथेच तो तुटतो.

‘भारी गॅस शॉक लावले की बाकी काही बघायला नको.’

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शॉक ॲब्सॉर्बर गाडीचं वजन उचलत नाही, हेलकावा थांबवतो. बसलेली कमान त्याने उठत नाही आणि ढिल्या किंगपिनचा आवाजही जात नाही. पण चांगले शॉक हा स्वस्तातला खरा फायदा आहे, हे मान्य. फक्त त्यांची पाळी शेवटी.

थोडे पैसे असतील तर ते या क्रमाने घाला. पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं, राहिला तर किंगपिन. आधी ते उरका. मग शॅकल आणि हँगरचे बुश-पिन: पहार अडकवून बाजूला रेटा, मिलिमीटरभर हललं तरी बदला. निपल असतील तर पाटे उतरवण्यापूर्वी त्यांत ग्रीस जातं का बघा, बहुतेक बुजलेले असतात. मग पाटे उतरवून बसलेली कमान पाटेवाल्याकडून परत आणा, दोन्ही बाजूंची सारखी. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे) नवेच घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा पकडत नाही, आणि यू-बोल्ट ढिला झाला की सेंटर बोल्टवर सगळा भार येऊन तो कापला जातो. रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा. जॅकवर लोंबकळत आवळलेत तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. यू-बोल्ट आडवे-तिडवे, थोडे थोडे आवळा, आणि पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा पाना लावा.

यानंतर शॉक. घेताना गाडी सपाट जमिनीवर उभी करून वरच्या-खालच्या माउंटमधलं अंतर मोजा. पाटा बंप स्टॉपला टेकला तरी शॉकमध्ये इंचभर दाबायला जागा उरली पाहिजे, आणि चाक पूर्ण लटकलं तरी तो ताणून संपता कामा नये. ‘जास्त लांब म्हणजे जास्त चांगला’ या हिशोबाने घेतलेला शॉक पहिल्या मोठ्या खड्ड्यात आपलाच माउंट तोडतो.

‘आरटीओचं टेन्शन नको, सरळ विंटेजमध्ये नोंदवा.’

सहावा मुद्दा लिहिताना पहिला वाचलेला दिसत नाही. 2021 च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि मोठा फेरफार न झालेली गाडी. चासीला दुसऱ्या गाडीचं सस्पेन्शन वेल्ड करून ‘मूळ रूप’ म्हणून कागद द्यायला जाणाऱ्याला शुभेच्छा. शिवाय विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. मेव्हण्याची पिकअप रोज चिरे वाहते.

साध्या नोंदणीवरही मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं कलम 52 आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर जाणाऱ्या बदलांना नकार दिला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलं आहे. बुश, यू-बोल्ट, शॉक आणि त्याच मापाचे पाटे बदलणं ही दुरुस्ती झाली, त्यासाठी कुणाकडे जावं लागत नाही.

वेल्डरकडून आगाऊ पैसे परत मिळतील की नाही, सांगता येत नाही. पाटे मात्र अजून भंगारवाल्याने उचललेले नाहीत. आज दुपारी पाटेवाला बघायला येतोय.